आभाळाचा हुकूम

“चीनमधी म्हणं पाऊस न्हाई पडला की राजालाच घरी बसवत होते.”

गिरणीच्या कट्ट्यावर बसलेल्या एका माणसानं हे शेजारच्याला सांगितलं आणि तंबाखूची चिमूट ओठाखाली धरली. लाईट गेली होती. गिरणीचा पट्टा सैल लोंबत होता आणि आम्ही आठ-दहा जण ज्वारीचे डबे पुढ्यात घेऊन लाईटची वाट बघत होतो.

“चीनचं तुला कोनं सांगितलं बे?” शेजारच्यानं विचारलं.

“सगळं गाव बोलून राहिलं. पुस्तकात छापेल हाय म्हणं.”

मी डब्याच्या झाकणाकडे पाहत राहिले. सेनगावच्या पलीकडच्या त्या गावात चीनच्या राजांबद्दलचं पुस्तक एकच होतं. ते माझ्या पिशवीत होतं आणि इंग्रजीत होतं. त्यातलं मी फक्त एका माणसाला सांगितलं होतं.

यंदाचा श्रावण पुन्हा तसाच कोरडा आहे. हिंगोलीत मी ज्या कॉलेजात शिकवते तिथे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन फुलावर आलेलं दिसतं. सोयाबीनचं फूल इतकं बारीक असतं की वाकल्याशिवाय दिसत नाही, आणि पावसानं ओढ दिली की ते दिसायच्या आधीच गळून जातं. दुपारी पानं उलटी होतात. त्यांची पांढुरकी पाठ वर येते आणि सगळं शेत तापातल्या माणसाच्या जिभेसारखं दिसायला लागतं. स्टाफरूममध्ये सगळे खिडकीबाहेर बघत बोलतात. असे कोरडे दिवस आले की त्यांना पीक आठवतं. मला दाढीच्या साबणाचा वास आठवतो.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी राज्यशास्त्रात एम.ए. करत होते, परीक्षा बाहेरून देणार होते. हिंगोलीच्या आमच्या घरावर दुसरा मजला चढत होता, दिवसभर विटा आणि पाट्यांचा आवाज. म्हणून वडिलांनी मला अभ्यासाला गावी, त्यांच्या धाकट्या भावाकडे पाठवलं. दिगूकाका शेती बघायचा आणि गावचा उपसरपंच होता.

मी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली. मराठी घरचीच, पण चारचौघांत बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे निघून गेलेलं असे. गावातल्या मुली हौदावर मला बघून “मॅडम आल्या, सरका” म्हणायच्या. त्यात वाईट काही नव्हतं, पण मला उत्तर सुचत नसे. मग मी बघायला शिकले. गप्प राहणाऱ्या माणसाला फार दिसतं. त्याचा उपयोग काय, हे मात्र त्याला कळत नाही.

दिगूकाका सकाळी दाढी करायचा तेव्हा पुढच्या खिडकीच्या गजाला छोटा आरसा अडकवायचा. मी मागे पायरीवर बसायचे. त्याची पाठ माझ्याकडे असायची आणि चेहरा आरशात. माझ्यासारखीला हे सोयीचं होतं. समोरच्या डोळ्यांत बघायचं नाही, तरी ऐकणारा आहे हे दिसायचं.

“हां बाई, बोल,” तो गालाला फेस लावत म्हणायचा, “काय म्हणतो आज तुझा बादशहा?”

मी सांगायचे. वर आभाळ, खाली जमीन, मध्ये माणूस, आणि या तिघांना जोडतो तो राजा. तिथे राजासाठी जे अक्षर आहे त्यात तीन आडव्या रेघा आहेत आणि तिन्हींतून जाणारी एक उभी. दिगूकाकानं बोटावर फेस घेऊन आरशावर ते अक्षर काढून बघितलं. “सोपं हाय की. मी तर आपल्या बाराखडीत नापास झालो होतो.”

दुसऱ्या दिवशी मी पाच तत्त्वांचं सांगितलं. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. प्रत्येक घराणं यांतल्या एका तत्त्वाच्या जोरावर राज्य करतं, एक तत्त्व दुसऱ्याला हटवतं आणि नवीन राजा आला की झेंड्यांचा, कपड्यांचा रंग बदलतो.

“म्हंजे आपल्याकडं पुढारी पार्टी बदलतो अन् उपरणं बदलतो, तसंच!” दिगूकाका हसला, आणि हसताना वस्तरा गालापासून दूर धरला.

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पुढचं विचारत होतं. वर्गात मी हात वर केला नव्हता कधी. घरी वडील “किती पानं झाली?” एवढंच विचारायचे. इथे एक बनियनमधला माणूस, अर्धा गाल पांढरा, मला विचारत होता की आभाळ रागावलंय हे त्या लोकांना कळायचं कसं.

मी सांगितलं ते असं. राजाला राज्य आभाळाकडून मिळतं. त्यासाठी पुस्तकात जो इंग्रजी शब्द होता तो मला मराठीत सापडेना, तर दिगूकाकाच म्हणाला, “हुकूम म्हण की. आभाळाचा हुकूम.” हा हुकूम कायमचा नसतो. राजा नीट वागेनासा झाला की आभाळ आधी इशारे देतं. ग्रहण, भूकंप, पूर, अवर्षण. दरबारात माणसं नेमलेली असत, त्यांचं काम आकाश बघणं आणि लिहून ठेवणं. इशारा झाला की राजानं उपास करायचा, साधे कपडे घालायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, दोष माझा आहे. ऐकलं नाही तर हुकूम दुसऱ्याकडे जातो. मला ते फार आवडलं होतं. “काका, राजाला सरळ सांगायची कुणाची हिंमत नव्हती,” मी म्हणाले, “म्हणून त्या शहाण्या लोकांनी आभाळाला बोलायला लावलं. राजावर लगाम हवा म्हणून.”

वस्तरा हनुवटीखाली थांबला. आरशातले डोळे माझ्याकडे आले.

“म्हंजे बोलायचं आपणच,” दिगूकाका सावकाश म्हणाला, “अन् नाव आभाळाचं.”

मी खुश झाले. बी.ए.ला आमच्या प्राध्यापकांना हे सांगायला तीन तास लागले होते.

त्याच सकाळी मी त्याला आणखी एक सांगितलं. त्या विद्येत ऊन, कोरड हे पुरुषतत्त्व आणि ओल, पाऊस हे स्त्रीतत्त्व. अवर्षण म्हणजे पुरुषतत्त्व माजलं. म्हणून पाऊस मागायचा असेल तेव्हा पुरुषांनी दाराआड राहायचं आणि बायकांनी बाहेर यायचं. दिगूकाकानं टॉवेलनं कान पुसले. “हे काकूला नको सांगू बाप्पा, मला घरात कोंडून ठेवील.” आम्ही दोघंही हसलो. आज त्या हसण्याचीच मला जास्त लाज वाटते. माझ्या पुस्तकातलं कुठलं पान ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, हे तो तेव्हाच ठरवत होता.

सरपंच होत्या शेवंताबाई राठोड. तांड्यातल्या. सरपंचपद मागास प्रवर्गातल्या बाईसाठी राखीव झालं तेव्हा गावानं त्यांना बसवलं ते सही करतील म्हणून. शेवंताबाईंनी सही शिकून घेतली, पण त्यासोबत एक सवय लावून घेतली. कुठलाही कागद आला की ग्रामसेवकाला म्हणायच्या, “वाच.” त्यानं वाचला की म्हणायच्या, “पुन्यांदा वाच. हळू.” दुसऱ्यांदा वाचताना ग्रामसेवकाच्या तोंडून एखादी ओळ नवीच निघायची. सदस्यांना याचा फार वैताग होता.

नळयोजनेच्या नकाशावर बरंच इंग्रजी होतं. ते वाचायला त्या माझ्याकडे आल्या. जमिनीवर बसल्या, नकाशा पसरला, आणि बोट ठेवून विचारत गेल्या, हे काय, हे काय. पाइपची रेघ तांड्यापर्यंत जाते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. जात होती. मी तसं सांगितलं. एके ठिकाणचा शब्द मला कळला नाही, तेही सांगितलं. उठताना त्या काकूला म्हणाल्या, “ही पोरगी लिव्हलेलं तेच वाचते. न्हाई समजलं तर न्हाई म्हणते. अशी माणसं कमी हायेत.”

मला कुणी असं म्हणालं नव्हतं. अजूनही कुणी म्हणालेलं नाही.

श्रावणाचे दोन आठवडे कोरडे गेले तेव्हा गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. आमच्याकडे हे करतात. गाभाऱ्याची मोरी चिंध्या आणि चिखलानं बुजवायची, आणि घागरीवर घागर ओतून पिंड बुडेपर्यंत गाभारा भरायचा. देवाचा श्वास कोंडला की तो पाऊस पाठवतो. पहिली घागर मानाची. ती आजवर पाटलांच्या घरातला पुरुष ओतायचा. त्या वर्षी शेवंताबाई म्हणाल्या, “पानी आमी वाहायचं अन् घागर तुमी ओतायची काहून? सरपंच कोन हाय?” आणि ओतली. तांड्यातल्या आणि गावातल्या बायका एका रांगेत उभ्या राहिल्या आणि विहिरीपासून देवळापर्यंत घागरी हातोहात गेल्या. मीही रांगेत होते. माझ्या अंगावर इतकं पाणी सांडलं की मुली म्हणाल्या, “मॅडम, देव तिकडं हाय.” त्या दिवशी मला उत्तर सुचलं. मी म्हणाले, “मला वाटलं मीच.” सगळ्या खदखदून हसल्या. दुपारपर्यंत पिंड बुडाली.

तिसऱ्या सकाळी मी देवळामागच्या चिंचेखाली वाचायला गेले. सगळीकडे माती फुटलेली, आणि मोरीच्या तोंडाशी मात्र हातभर जागा ओली काळी होती. तिथे गांधीलमाश्या बसून पाणी पीत होत्या. बुजवलेला चिखल सुकून एका बाजूनं सुटला होता. पाणी थेंबाथेंबानं चाललं होतं.

मी घरी येऊन आरशाला सांगितलं, “काका, मोरी गळतेय. थोडा चिखल लावला तर थांबेल.”

“कोणाला बोललीस?”

“नाही.”

“मग नको बोलू. बघू तर, लोक काय म्हणतेत.”

मला वाटलं, त्याची काहीतरी गंमत आहे. दुसऱ्या दिवशी पिंडीचा माथा पाण्याबाहेर आला. देवळात गर्दी झाली. “देवानं पानी टाकून देलं,” कुणी म्हणालं. “पहिली घागर कोनाची होती?” दुसऱ्यानं विचारलं. मी पायरीपाशी होते. वाक्य मनात जुळवत होते. जुळलंही होतं. मग मला दिगूकाका दिसला, तो माझ्याकडेच बघत होता. त्यानं मान अगदी थोडी हलवली, लहान मुलाला जेवताना बोलू नको म्हणून हलवतात तशी.

त्यानंतर गिरणीवर मी ते वाक्य ऐकलं.

गिरणीवरून येताना डबा डोक्यावर गरम लागत होता, नवीन पिठाचा वास येत होता, आणि मी स्वतःला समजावत होते की काका सहज बोलला असेल. कौतुकानं बोलला असेल. पुतणीनं काय काय वाचलंय, बघा. एखाद्यावर विश्वास टाकलेला असला की तो परत घ्यायला मन किती खळखळ करतं. घरी पोचेपर्यंत मी त्याला दोनदा माफ केलं होतं.

सदस्यांनी शेवंताबाईंवर आणलेल्या अविश्वास ठरावाच्या दिवशी तहसीलचे साहेब यायच्या आधी गाव पारावर जमलं. ठरावाच्या कागदावर नेहमीची कारणं होती, सदस्यांना विश्वासात घेत नाहीत, कामाला उशीर लावतात. पारावर दिगूकाका वेगळंच बोलला. शांतपणे, आवाज न चढवता.

“मला बाईंबद्दल आदर हाय. मी काही म्हणत न्हाई. जगातली जुन्यात जुनी विद्या काय म्हणते तेवढं सांगतो. पाऊस थांबला की समजावं, गादीवरचा माणूस आभाळाला पसंत न्हाई. त्याच्या हातचं पानी देव ठेवत न्हाई. हे माझं न्हाई. आपली पुतणी एम.ए. करून राहिली, तिच्या पुस्तकात हाय.” मग तो बायकांच्या बाजूला वळला. “सांग बाई. हाय का न्हाई पुस्तकात?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. शेवंताबाईंचीही. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्या वाट बघत होत्या, कागद पुढ्यात ठेवून बघायच्या तशी. ही पोरगी लिहिलेलं तेच वाचते.

पुस्तकात होतं. निम्मं होतं. उरलेलं निम्मं सांगायला चार वाक्यं लागली असती, आणि ती माझ्याजवळ इंग्रजीत तयार होती.

मी मान हलवली. हो म्हणून.

सातांपैकी सहा हात वर गेले. त्या प्रवर्गातली दुसरी बाई सदस्यांत नव्हती, म्हणून कारभार उपसरपंचाकडे आला. पुढच्या आठवड्यात पाऊस पडला. रात्रंदिवस पडला, सोयाबीन तरलं, आणि दिगूकाकानं माझ्या पाठीवर थाप मारली. “बघ, तुझं पुस्तक खरं निघालं.” नळयोजनेची रेघ गावातल्या शेवटच्या घरापाशी थांबली. तांड्याच्या रस्त्याला आणून टाकलेले पाइप तिथेच पडून राहिले. त्यांच्यावर शेळ्या चढायच्या.

मी परीक्षेला जायच्या आधी तांड्यात गेले. सांगायला गेले होते, मोरीचं, आरशाचं, सगळं. शेवंताबाईंनी चहा टाकला. गूळ घातलेला काळा चहा, वर धुराचा वास. मी कप हातात धरून बसले आणि माझं वाक्य काही जुळेना. शेवटी त्याच म्हणाल्या, “तू खोटं न्हाई बोललीस पोरी. म्हणून तर लागलं.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुज्या त्या चीनमधी राजाला इचारत तरी होते का, तुजं काय म्हणणं हाय म्हणून?”

मी चहा संपवला. मी शरमेनं निघून आले.

परीक्षेत आभाळाच्या हुकमावर प्रश्न आला. मी सहा पानं लिहिली. राजावर नैतिक लगाम, प्रजेच्या बंडाला आधार, सगळं वळणदार अक्षरात. त्या पेपरात मला आमच्या केंद्रात सर्वांत जास्त गुण होते. निकालाचा कागद मी कुणाला दाखवला नाही. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की त्या दरबारांतही हेच चालायचं. आकाश बघायला नेमलेली माणसं कुणाच्या ना कुणाच्या गटात असत. न झालेले इशारे लिहून पाठवले जात आणि झालेले दडपले जात. राजावरचं संकट टळावं म्हणून एखाद्या प्रधानालाच त्याचा धनी करत. हे वाचून मला जरा हलकं वाटायला हवं होतं. इतक्या लांब, इतक्या जुन्या काळी, इतकी मोठी माणसंसुद्धा. पण त्या पानांत मला दरबार दिसेना. खिडकीच्या गजाला अडकवलेला आरसा दिसायचा.

एक गोष्ट मला आजतागायत उलगडलेली नाही. सुरुवातीच्या त्या सकाळी, रेघांचं अक्षर फेसानं काढताना, दिगूकाका खरंच ऐकत होता का? की तेव्हापासूनच तो वेचत होता? ठराव त्यानं केला, रेघ त्यानं थांबवली, हे मी एखाद्या प्रकरणासारखं समजून घेऊ शकते. राजकारणात होतं असं. पण कुणीतरी माझं ऐकतंय म्हणून मी ज्या सुखानं पायरीवर बसायचे, ते सुख खोट्यावर उभं होतं का, हे मला कळायला हवं होतं. त्याला विचारायचं धाडस नाही. तो म्हणेल, “वेडी हायेस का बाई,” आणि मी पुन्हा विश्वास ठेवीन.

त्याच वर्षी फाल्गुनात मी दोन दिवसांसाठी गावी गेले आणि त्याच दुपारी गारपीट झाली. पत्र्यांवर इतका आवाज की शेजारी बसलेल्या काकूचे ओठ हलताना दिसत, शब्द ऐकू येत नव्हते. अर्ध्या तासात सगळं संपलं. हरभरा जमिनीला चिकटला, गहू आडवा झाला, लिंबाखाली पोपट मरून पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी पंचनाम्याला आले आणि गाव पुन्हा पारावर जमलं. दिगूकाका खुर्चीवर बसला होता, मांडीवर यादी. तांड्यातली माणसं एका बाजूला उभी होती. शेवंताबाईंनी ओच्यात हरभऱ्याची मोडलेली झाडं आणली होती. त्या ती कुणाला दाखवत नव्हत्या, नुसती धरून होत्या.

“काय गावाचं चुकलं की काय?” एक म्हातारा कपाळाला हात लावून म्हणाला.

“चुकायचं काय त्यात, दाजी?” दिगूकाका म्हणाला. आवाजात खरी माया होती. “निसर्ग हाय. त्याच्यापुढं माणूस काय करील? याच्यात कोनाचा दोष न्हाई.”

लोकांनी माना डोलावल्या. पंचनामा पुढे सरकला. मी बायकांच्या मागे उभी होते. माझ्या मनात वाक्य जुळत नव्हतं, कारण मी ते जुळवतच नव्हते. मी दोन बायकांमधून पुढे आले आणि पहिल्यांदाच आरशाशिवाय त्याच्या डोळ्यांत बघितलं.

“काका,” मी म्हणाले, “गारा पडल्या. आता खुर्ची तुम्ही सोडा.”